चेस्ट फ्रीझर: वापर, निगा आणि बिघाडाची ओळख

उभ्या फ्रीझरचे दार उघडले की पायांना गार झुळूक लागते. ती झुळूक म्हणजे विकत घेतलेली थंडीच असते, आणि ती जमिनीवरून वाहून जात असते. वरून झाकण असलेल्या आडव्या चेस्ट फ्रीझरचे तसे होत नाही. थंड हवा जड असते. झाकण उचलले तरी ती हौदातल्या पाण्यासारखी आतच बसून राहते. भिंतींत जाड फोम, वर घट्ट झाकण आणि आत मालाचा भरीव साठा अशी या यंत्राची रचना असल्यामुळे थंडी निर्माण करण्यापेक्षा ती राखून ठेवण्यात ते अधिक पटाईत असते. त्याचा वापर कसा करावा, निगा कशी राखावी आणि ते अडले की कुठे पाहावे, याची बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीतून निघतात.

जागा आणि पहिली सुरुवात

घरगुती चेस्ट फ्रीझरच्या मागे बहुधा काळी जाळी दिसत नाही. आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूने फिरवलेल्या असतात, म्हणून चालू फ्रीझरच्या बाजू हाताला कोमट, कधी बऱ्यापैकी गरम लागतात. हा दोष नव्हे. उष्णता बाहेर पडत असल्याची ती खूण आहे. मात्र तिला निघून जायला वाट हवी. फ्रीझर भिंतीला चिकटवून ठेवला, दोन्ही बाजूंना खोकी रचली आणि वरून चादर पांघरली, तर तीच उष्णता पत्र्यात कोंडते आणि कॉम्प्रेसर दिवसभर धापा टाकत राहतो. माहितीपुस्तिकेत अंतर दिलेले असेल तर ते पाळावे. दिलेले नसेल तर मागे आणि बाजूंना किमान १० ते १५ सेंटिमीटर मोकळे सोडावेत. झाकण पूर्ण उभे राहील एवढी जागा वरही लागते, ही गोष्ट फ्रीझर जागेवर बसवून झाल्यानंतरच अनेकांच्या लक्षात येते.

ऊन, शेगडी आणि गिझर यांपासून तो लांब ठेवावा. खोलीचे तापमान किती चालेल हे यंत्राच्या पट्टीवर अक्षरांनी लिहिलेले असते. ‘एन’ म्हणजे १६ ते ३२ अंश सेल्सिअस, ‘एसटी’ म्हणजे १६ ते ३८ आणि ‘टी’ म्हणजे १६ ते ४३. ‘एसएन’ची खालची मर्यादा १० अंशांपर्यंत जाते. पत्र्याच्या छपराखाली किंवा बंद गच्चीवर फ्रीझर ठेवायचा असेल तर हे अक्षर खरेदीपूर्वीच पाहावे, कारण ४० अंशांच्या खोलीत ‘एन’ वर्गाच्या यंत्राने हात टेकले तर तो त्याचा दोष म्हणता येणार नाही.

वाहतुकीत फ्रीझर कुशीवर आडवा झाला असेल तर उभा करून लगेच चालू करू नये. कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत शिरलेले असते आणि ते परत खाली उतरायला वेळ लागतो. उभाच आणला असेल तर काही तास पुरतात. आडवा आणला असेल तर पूर्ण दिवस थांबणे चांगले. त्यानंतर पातळी तपासावी. फ्रीझर डगमगत असेल तर आवाज वाढतो आणि झाकण तिरके बसते, आणि झाकण तिरके बसले की पुढची सगळी दुखणी तिथूनच सुरू होतात.

वीज थेट भिंतीतल्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटमधून द्यावी. एक्स्टेंशन बोर्ड टाळावा. सुरू होताना कॉम्प्रेसर क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो आणि हलक्या वायरवर दाब पडून तो अडखळतो, शिवाय वायर तापते ती वेगळीच. घरातला विजेचा दाब वरखाली होत असेल तर वीज आल्यावर काही मिनिटे थांबून मग पुरवठा देणारा स्टॅबिलायझर लावावा. फ्रीझर बंद करून लगेच चालू केला तर नळ्यांतला दाब अजून समान झालेला नसतो आणि कॉम्प्रेसरला त्या दाबाविरुद्ध उठावे लागते. म्हणून हाताने बंद केल्यावरही निदान पाच मिनिटे थांबावे.

पहिल्यांदा रिकामा फ्रीझर चालू करून आतले तापमान उणे १८ अंशांपर्यंत उतरू द्यावे. यात बरेच तास जातात. माल त्यानंतर भरावा.

तापमान: नॉबवरच्या आकड्यांवर विसंबू नये

नॉबवरचे १ ते ७ हे अंश नसतात. मोठा आकडा म्हणजे अधिक थंडी, एवढाच त्यांचा अर्थ. काही यंत्रांत तोच नॉब किंवा एखादे बटण ‘कूलर’ आणि ‘फ्रीझर’ अशी दोन कामे करते. ते चुकून कूलरकडे सरकले की माल वितळतो आणि दोष कॉम्प्रेसरवर जातो. फ्रीझरचा साधा थर्मामीटर आणून दोन पाकिटांच्या मध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावा. उणे १८ किंवा त्याखाली दिसले की नॉब तिथेच राहू द्यावा. या तापमानात जंतूंची वाढ थांबते; ते मरत मात्र नाहीत. म्हणून फ्रीझरमध्ये जे जसे गेले तसेच ते बाहेर येते, आणि शिळे आत टाकून ताजे बाहेर काढण्याची सोय या यंत्रात नाही.

बऱ्याच यंत्रांवर जलद गोठवण्याचे बटण असते. ते दाबले की थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या थंडीला कॉम्प्रेसर थांबवणारा भाग, बाजूला पडतो आणि कॉम्प्रेसर सलग चालतो. मोठा साठा भरायचा असेल तर ते आदल्या दिवशी दाबावे आणि माल गोठल्यावर आठवणीने बंद करावे. ‘फ्रीझर थांबतच नाही’ या तक्रारीच्या मुळाशी हे विसरलेले बटण असणे नवलाचे नाही.

माल भरणे

चोवीस तासांत किती किलो ताजा माल गोठेल हा आकडा पट्टीवर लिहिलेला असतो. तो ओलांडला तर नवा माल सावकाश गोठतो आणि शेजारचा जुना माल अर्धवट सुटतो. सावकाश गोठताना पाण्याचे मोठे स्फटिक होतात, ते पेशी फाडतात आणि वितळल्यावर पदार्थ लिबलिबीत होऊन पाणी सोडतो. म्हणून गरम पदार्थ आधी थंड करावा, लहान भागांत विभागावा आणि नवी पाकिटे भिंतीला टेकून, एकमेकांत फट ठेवून मांडावीत; गोठल्यावर ती एकमेकांना लावून रचली तरी चालतात. पातळ पदार्थ पिशवीत भरून आडवे, सपाट गोठवले आणि मग पुस्तकांसारखे उभे लावले तर जागाही वाचते आणि वितळायलाही वेळ लागत नाही. डब्यात पातळ पदार्थ भरताना वर दोन बोटे जागा सोडावी, कारण पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. काचेच्या बंद बाटल्या आणि वायू भरलेली पेये फ्रीझरमध्ये ठेवूच नयेत.

पाकिटातली हवा जितकी काढता येईल तितकी काढावी. हवा उरली की पदार्थातला बर्फ थेट वाफ होऊन उडतो आणि जागोजागी कोरडे, पांढुरके, चामड्यासारखे डाग पडतात. असा भाग खाल्ल्याने अपाय होत नाही, पण त्याला चवही राहिलेली नसते. भाज्या कच्च्या गोठवल्या तर त्यांतली द्रव्ये थंडीतही हळूहळू काम करत राहतात आणि रंग व चव उतरते. उकळत्या पाण्यात दोनतीन मिनिटे बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात काढलेल्या आणि कोरड्या करून भरलेल्या भाज्या आठ महिने ते वर्षभर चांगल्या राहतात. खिमा तीनचार महिन्यांत, चरबीदार मासे दोनतीन महिन्यांत आणि पाव तीन महिन्यांत संपवावा. ही मुदत चवीची आहे. उणे १८ अंशांत सलग राहिलेला पदार्थ त्यानंतर विषारी होतो असे नाही.

चेस्ट फ्रीझरचा खरा अवगुण म्हणजे त्याचा तळ. वरचे तेवढे वापरले जाते आणि खालचे विसरले जाते. दोन उपाय उपयोगी पडतात. रोजच्या वस्तू वर लटकणाऱ्या टोपलीत ठेवाव्यात आणि खालचा माल प्रकारानुसार वेगवेगळ्या रंगांच्या कापडी पिशव्यांत भरावा, म्हणजे एक पिशवी उचलली की तळ दिसतो. दुसरा उपाय म्हणजे झाकणावर चिकटवलेला कागद: काय ठेवले, कधी ठेवले, किती उरले. कागद कंटाळवाणा आहे हे मान्य, पण झाकण उघडून पाच मिनिटे उकरत बसण्यापेक्षा तो बरा. प्रत्येक पाकिटावर तारीखही लिहावी. गोठल्यावर सगळ्या पिशव्यांतला पदार्थ सारखाच दिसतो.

भरलेला फ्रीझर रिकाम्यापेक्षा स्थिर राहतो. जागा मोकळी उरली असेल तर प्लास्टिकच्या बाटल्या थोड्या रिकाम्या राखून पाण्याने भराव्यात आणि त्यांनी ती भरून काढावी. त्यांनी विजेचे बिल फारसे उतरेल असे नाही. त्यांचा खरा उपयोग वीज गेल्यावर कळतो.

वीज गेली तर

झाकण उघडू नये. गच्च भरलेला फ्रीझर बंद झाकणाने सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास माल गोठलेला ठेवतो. ‘काय झाले बघू’ म्हणून मारलेली प्रत्येक चक्कर हा अवधी कमी करते. वरून जाड गोधडी घालता येते; मात्र वीज येताच ती काढावी.

वीज आल्यावर निकष सोपा आहे. ज्या पदार्थात अजून बर्फाचे कण आहेत किंवा ज्याचे तापमान ४ अंश किंवा त्याखाली आहे, तो पुन्हा गोठवता येतो. पोत थोडा बिघडेल इतकेच. जे मांस, मासे किंवा शिजवलेले अन्न त्याहून अधिक तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहिले, ते टाकून द्यावे. वास घेऊन किंवा चाखून निर्णय करू नये.

घराबाहेर असताना वीज जाऊन आली तर ते कळणार कसे? एका पेल्यात पाणी गोठवावे, वर एक नाणे ठेवावे आणि पेला फ्रीझरमध्ये माल असेल त्या उंचीवर ठेवून द्यावा. परतल्यावर नाणे वरच असेल तर चिंता नाही. ते बर्फात निम्म्यावर उतरलेले दिसले तर पाणी बराच काळ वितळलेले होते, आणि तळाशी गेलेले दिसले तर माल आता कितीही टणक असला तरी मध्यंतरी तो पूर्ण सुटला होता असे धरावे.

बर्फ काढणे

झाकण उघडले की बाहेरची दमट हवा आत मिसळते आणि तिच्यातली वाफ भिंतींवर हिम होऊन बसते. चेस्ट फ्रीझरमध्ये गारवा देणाऱ्या नळ्या आतल्या भिंतीच्या मागेच असतात. त्यामुळे हिमाचा थर म्हणजे थंडी आणि माल यांच्यामध्ये अंथरलेली गोधडी. थर पाचसहा मिलिमीटरचा झाला की तो काढावा. वर्षातून एकदोनदा पुरते. हवा दमट असेल किंवा झाकणाच्या कडेचे रबर सैल असेल तर जास्त वेळा. साठा कमी असेल तो दिवस निवडावा.

माल बर्फाच्या पेटीत किंवा वर्तमानपत्रे आणि ब्लँकेट यांत एकत्र गुंडाळून सर्वांत थंड खोलीत ठेवावा. प्लग काढावा. तळाशी, बहुधा एका कोपऱ्यात, निचऱ्याचे भोक असते; आतले बूच काढून बाहेरच्या तोंडाखाली पसरट भांडे सरकवावे आणि ते भरण्याआधी रिकामे करत राहावे. तळाला जुने टॉवेल अंथरावेत. मग पातेल्यात गरम पाणी घेऊन, खाली लाकडी पाट ठेवून ते आत ठेवावे आणि झाकण लावून पंधरा मिनिटे थांबावे. पाणी दोनतीनदा बदलले की थर भिंतीपासून सुटल्याचा बारीक तडतडाट ऐकू येतो आणि कडेला बोट घातले तर बर्फाची हातभर लांब फळीच्या फळी निघून हातात येते. हे काम घाई न करता केले तर विलक्षण समाधान देते.

घाई केली तर काय होते हे मी माझ्या पहिल्या फ्रीझरवर शिकलो. कोपऱ्यातला एक हट्टी तुकडा मी स्क्रूड्रायव्हरने उचकटला, टोक घसरले, बारीक ‘फुस्स’ असा आवाज आला आणि दोन-तीन सेकंदांत संपलाही. भिंतीवर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडले होते. ती नळी फोमच्या आत पक्की बसवलेली असल्याने दुरुस्ती परवडणारी नव्हती आणि पूर्ण चांगला कॉम्प्रेसर असलेले यंत्र भंगारात गेले. म्हणून सुरी, सळई, हातोडी यांतले काहीही चालणार नाही. फार तर बोथट प्लास्टिकचा उलथना घ्यावा. आत विजेचा हीटरही ठेवू नये. आजच्या अनेक घरगुती यंत्रांत आर६००ए, म्हणजे आयसोब्युटेन हा वायू असतो. त्याचे प्रमाण थोडे असते, पण तो ज्वलनशील आहे. नळी फुटल्याचा संशय आला तर खिडक्या उघडाव्यात आणि आसपासचे दिव्याचे बटणसुद्धा दाबू नये.

आतला भाग कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून पुसावा, लिटरला दोन मोठे चमचे पुरतात. घासण्याची भुकटी वापरू नये. नंतर कोरड्या फडक्याने कोपरे टिपून घ्यावेत, बूच परत बसवावे, फ्रीझर चालू करून थंड होऊ द्यावा आणि मग माल आत ठेवावा. बूच विसरले तर तेवढ्या भोकातूनही दमट हवा आत जात राहते.

झाकणाच्या रबराची निगा याहून सोपी आहे आणि म्हणूनच ती होत नाही. रबराच्या घड्यांत कण आणि चिकटपणा साचतो. महिन्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्याने तो पुसावा आणि रबर कोरडे करावे. तपासणीसाठी कागदाची पट्टी अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून झाकण लावावे आणि पट्टी ओढावी. ती अडत अडत आली तर पकड चांगली आहे. सहज सरकली तर तिथे फट आहे. अशी पट्टी सगळ्या कडेने, प्रत्येक वितीवर फिरवावी. बिजागरीजवळचे कोपरे विसरू नयेत. रबर चपटे झाले असेल तर गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने शेकून बोटांनी उचलल्यास ते बरेचदा फुलते. फाटले असेल तर बदलावे.

अडले तर कुठे पाहावे

फ्रीझर पूर्ण मेल्यासारखा असेल, दिवाही लागत नसेल, तर प्रथम त्याच सॉकेटवर दुसरे एखादे उपकरण लावून पाहावे. सॉकेटमध्ये वीज असेल तर प्लग, वायर आणि फ्यूज पाहावेत. फ्रीझर लावताक्षणी घराचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल तर पुन्हापुन्हा चढवून पाहू नये; कुठेतरी वीज बॉडीला येत आहे आणि ते काम जाणकाराचेच आहे.

दिवा लागतो, काही सेकंद घुंई आवाज येतो, मग ‘टक्’ होऊन शांतता, आणि थोड्या मिनिटांनी पुन्हा तेच: याचा अर्थ कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करतो, उठत नाही आणि तापून संरक्षक स्विच त्याला तोडतो. विजेचा दाब कमी असेल तर असे होते, म्हणून आधी तो मोजून घ्यावा. दाब ठीक असेल तर कॉम्प्रेसरच्या अंगाला बसवलेला, त्याला सुरू व्हायला मदत करणारा रिले किंवा कपॅसिटर गेलेला असू शकतो, आणि हे भाग तुलनेने स्वस्त असतात. तंत्रज्ञ थेट ‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणाला तर रिले बदलून पाहिला का, हे विचारण्यात संकोच करू नये.

कॉम्प्रेसर सतत चालतो पण थंडी पुरत नाही, ही तक्रार सर्वांत जास्त गोंधळात टाकते. जलद गोठवण्याचे बटण, नुकताच भरलेला मोठा माल, हिमाचा थर, रबर, कोंडलेली हवा आणि खोलीचे तापमान या क्रमाने पाहत जावे. हे सगळे ठीक असेल तर बाहेरच्या बाजूंना हात लावावा. कॉम्प्रेसर तासभर चालूनही पत्रा गार लागत असेल आणि आत हिम सगळ्या भिंतींवर सारखे न बसता फक्त एका पट्ट्यात बसत असेल, तर गॅस कमी झाला आहे असा दाट संशय घ्यावा. ही नळ्यांची बंदिस्त साखळी आहे. गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला म्हणजे गळती आहे, आणि गळती न शोधता, फिल्टर न बदलता, व्हॅक्यूम पंप न लावता नुसता गॅस भरून देणारा माणूस काही आठवड्यांनी पुन्हा बोलवावा लागतो.

झाकण लावल्यावर लगेच उघडत नसेल तर ओढाताण करू नये. आत गेलेली ऊबदार हवा थंड होऊन आकसते आणि झाकण शोषले जाते. एकदोन मिनिटांत दाब सारखा होतो. दमट हवेत बाहेरून सगळीकडे थोडे पाणी धरणे साधे आहे. पण एकाच जागी पत्रा कायम ओला आणि बर्फगार लागत असेल, तर तिथला फोम भिजला आहे आणि त्याला व्यवहार्य उपाय नाही. आवाज अचानक वाढला तर पातळी आणि भिंतीला टेकलेली नळी पाहावी. वाहत्या पाण्यासारखा खळखळाट किंवा मधूनच येणारी ‘कट्ट’ हे मात्र चालू यंत्राचे नेहमीचे आवाज आहेत.

घरात लहान मुले असतील तर कुलूप लावावे आणि किल्ली लांब ठेवावी. फ्रीझर निकामी होऊन अंगणात किंवा जिन्याखाली पडून राहणार असेल, एका रात्रीपुरता का होईना, तर आधी बिजागऱ्यांचे स्क्रू काढून झाकण वेगळे करावे. लपाछपीत आत शिरलेल्या मुलाला ते झाकण आतून ढकलता येत नाही आणि आतली हवा फार वेळ पुरत नाही.